आनातोलने बदललेली रेघ

अंगण झाडायचं नाही, असं आनातोलने मला बजावलं तेव्हा मी खराटा हातात घेऊनच उभी होते. आमच्या किनाऱ्यावर सकाळी अंगण न झाडणारी बाई एक तर बाळंतीण असते, नाहीतर ऐतखाऊ. मी दोन्ही नव्हते. आणि हा माझा नवरा, डोळे पिवळेजर्द, पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या झालेल्या, जमिनीवर ओणवा होऊन बोटाने रेघा ओढत होता.

"त्या निरफणसाखाली पाय ठेवू नकोस, मेबल. तिथली अजून तपासायची राहिलीय."

"आणि कोंबड्यांना कोण सांगणार?"

"कोंबड्या डालून ठेव."

दिवसाढवळ्या कोंबड्या कुणी डालतं का? मी डालल्या. शेजारणी कुंपणावरून बघत होत्या. मास्तर आजारी आहेत, करमत नाही म्हणून पोरांसारखे खेळतायत, असं मी त्यांना सांगितलं. खरं काय होतं ते मी इथे कुणालाच कधी सांगितलेलं नाही.

मालेकुला बेटाच्या या बाजूला माणूस मेला की त्याला एक वाट चालावी लागते. वाटेच्या टोकाशी एक म्हातारी बसलेली असते. माणूस नव्हे, भूत. तिच्यासमोर वाळूत एक आकृती काढलेली असते, बोट न उचलता ओढलेली एकच लांब रेघ, फिरत फिरत निघाली तिथेच परत येणारी. तुम्हाला येताना बघितलं की ती हाताने अर्धी आकृती पुसते आणि म्हणते, पूर्ण कर. पूर्ण केलीत तर पुढे जा, तुमची माणसं तिकडे वाट बघतायत. नाही आली तर ती तुम्हाला खाते. प्रत्येक घराण्याची वाट वेगळी, तशी रेघ वेगळी. दुसऱ्याची रेघ शिकून काही उपयोग नाही, दुसऱ्याच्या मेलेल्यांत जाऊन पडाल.

मी पलीकडच्या बेटावरची. आमची मेलेली माणसं दुसऱ्या वाटेने जातात, तिथे कुणी परीक्षा घेत नाही. त्यामुळे लग्न करून इथे आले तेव्हा मला ही सगळी गंमत वाटायची. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी माणसं, आणि म्हातारीचं नाव काढलं की आवाज खाली करतात. मी आनातोलला चिडवायचे, "तुमच्याकडे मेल्यावरही शाळा सुटत नाही रे."

तो हसायचा. तेव्हा हसायचा.

त्याचा बाप तो रांगत असतानाच दूरच्या नारळाच्या मळ्यावर वारला. बापाकडची रेघ त्याला मिळालीच नाही. वाढवलं ते मामांनी. आईसेनमामा उंच, काळेकभिन्न, कमी बोलणारे. भाचा शेतीत अगदीच ढ निघाला. कोनफळाची आळी वाकडी, कुदळ पायावर. मामा म्हणायचे, "याच्या हातात कुदळ देऊ नका, कोनफळ घाबरून वर येत नाही." पण त्याच हाताची बोटं वाळूत पडली की बघत राहावं. मामांनी त्याला एकेक आकृती शिकवली, कासवाची, दोन भावांच्या भांडणाची, आणि सगळ्यात शेवटी म्हातारीची. आपल्या पोटच्या मुलाच्या आधी भाच्याला. मुलगा आल्फोन्स राजधानीत पळाला आणि टॅक्सी चालवायला लागला, त्याला कसलीच गोडी नव्हती.

आनातोल शिकून मास्तर झाला आणि याच गावच्या शाळेत आला. शाळेत बाहेरून भेट आलेली पुस्तकं होती. त्यात किल्ले, तलवारी, आग ओकणारे पंखवाले सर्प. आमच्या पोरांनी बर्फ कधी पाहिला नाही, पण बर्फाच्या राणीच्या गाडीला कोण ओढतं ते त्यांना तोंडपाठ. आनातोल घरी येऊन लाप्लापवर, म्हणजे कंद किसून पानात गुंडाळून तापल्या दगडांत वाफवतात त्या जेवणावर, राग काढायचा.

"त्या पंखवाल्या सापाला सगळी घाबरतात, मेबल! अगं, तो नुसता आग ओकतो. आपली म्हातारी तुमचं डोकं तपासते. भयंकर कोण?"

"मग तू लिही. माझ्या लाप्लापवर कशाला ओरडतोस?"

मी आपलं तोंडाला आलं ते बोलले. तो लिहायलाच बसला. सालोंग नावाचा एक पोरगा, त्याची धाकटी बहीण तापाने जाते, हा तिला आणायला जिवंतपणी त्या वाटेवर उतरतो. समुद्राच्या पोटातली गावं, बोलणारे खडक, उलटे वाहणारे ओढे, काय काय घातलं होतं त्याने त्यात! अर्धं मामांकडून ऐकलेलं, अर्धं त्याच्या डोक्यातलं, आणि कुठे काय संपतं ते मला कधी कळलं नाही. शेवटी सालोंग म्हातारीसमोर उभा राहतो. ती अर्धी रेघ पुसते. पोराला रेघ येत नसते. तेव्हा तो म्हणतो, "आजी, पुसायला काय, कुणालाही येतं. तुला स्वतःला तरी पूर्ण काढता येते का?" म्हातारीला राग येतो. ती मान खाली घालून रेघ काढायला बसते, आणि पोरगा बहिणीचा हात धरून मागून निसटतो.

पण रीत अशी की गोष्ट ज्याची, त्याच्या परवानगीशिवाय ती बाहेर न्यायची नाही. आनातोलने परवानगीचं मोल म्हणून वळलेल्या सुळ्यांचं एक डुक्कर मिळवलं आणि मामांच्या दारात नेऊन बांधलं. मी सोबत गेले होते, ओट्याच्या कडेला अळकुड्या सोलत बसले.

"मामा, म्हातारीची गोष्ट लिहायचीय. पोरांसाठी. रेघेसकट."

"गोष्ट ने," मामा म्हणाले. "गोष्टीला पाय असतात, ती तशीही जाणार. रेघ नाही."

"रेघेशिवाय म्हातारी पुसणार काय?"

मामांनी उठून डुकराचे सुळे चाचपून बघितले. डुक्कर खरंच चांगलं होतं.

"मग खोटी काढ," ते म्हणाले. "उजव्या अंगाला बदल. आणि बदललीस हे, कुठे बदललीस तेही, कुणाला सांगायचं नाही. बायकोलाही नाही."

बायको हातभर अंतरावर बसली होती. पण मामा बोलले की तुम्ही तिथे नसताच.

रेघ बदलणं सोपं नसतं. एक वळण बदललं की पुढची रेघ अडकते, परत निघाल्या जागी येत नाही. म्हणून आनातोलने आणखी एक वळण बदललं, मग तिसरं. कित्येक दिवस तो परसात बसून हेच करायचा. शेवटी जी आकृती जमली ती मामांच्या आकृतीपेक्षाही देखणी होती, असं तोच म्हणाला, आणि म्हणताना जरा लाजला.

पुस्तक समुद्रापलीकडे नुमेआ शहरात छापलं गेलं. मुखपृष्ठावर तीच रेघ. आनातोलने पहिली प्रत मामांना नेऊन दिली. मामांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मुखपृष्ठावर बोट फिरवलं, उजव्या बाजूला एका जागी थांबले आणि खो-खो हसले. "इथे पकडणार बघ तुला म्हातारी!" त्यांना इतकं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

मग ती रेघ सुटलीच. शाळेच्या भिंतीवर रंगवली. खेळांच्या दिवशी पोरांच्या सदऱ्यांवर आली. बोटीच्या नाळेवर कुणीतरी काढली. आनातोलला या बेटावरून त्या बेटावर बोलावणी यायची, आणि गोष्ट सांगून झाली की पोरं ओरडायची, "मास्तर, रेघ काढा, रेघ!" तो वाळूत बसून काढायचा. एका शाळेत एकदा नाही, जेवढे वर्ग तेवढ्यांदा. अशाच एका दौऱ्यावर तो असताना मामा गेले. बोट मिळेपर्यंत माती देऊन झाली होती. मामांची मुलगी एस्तेल आमच्याशी बोलायची बंद झाली. जन्म दिला नाही एवढंच, बाकी सगळं मामांनी केलं, आणि हा पोरांना गोष्टी सांगत फिरत होता. तिचं काय चुकलं?

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आनातोलचं पोट दुखायला लागलं. दवाखान्यातल्या डॉक्टरने त्याला बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं. यकृत गेलंय, म्हणाला. घरी न्या, मागतील ते खायला द्या. मी बाहेर आले तर आनातोल बाकावर बसून शेजारच्या बाईच्या रडक्या पोराला मांडीवर बोटाने कासव काढून दाखवत होता. माझ्या तोंडाकडे बघून त्याला काय ते कळलं. तो घाबरला नाही. "चला, तयारीला लागू," एवढंच म्हणाला. जणू बोट पकडायची आहे.

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी तो अंगणात बसला. हाताने माती सपाट केली, बोट टेकवलं आणि मामांची रेघ काढायला घेतली. निघाली ती पुस्तकातली.

त्याने पुसली. पुन्हा काढली. पुन्हा पुस्तकातलीच.

"मेबल," तो म्हणाला, आणि मी चुलीपासून धावत आले, कारण त्याचा आवाजच ओळखू येईना. "मेबल, हात वळत नाही गं."

"म्हणजे?"

"मामांची येत नाही मला. मला आठवतच नाही. सगळी डावी बाजू येते आणि मग हात आपला आपण त्या दुसरीकडे जातो."

मी त्याला खुळ्यात काढलं. थकलायस, म्हटलं, झोप, उद्या येईल. उद्या आली नाही. परवा नाही. मग अंगण भरायला लागलं. एक वळण आत घेऊन बघायचा, रेघ अडकायची. बाहेरून घेऊन बघायचा, दुसरीकडे अडकायची. कुठे चुकतंय ते शोधायला जुन्या तशाच ठेवायच्या म्हणून खराटा बंद. भाताची पेज आणून ठेवली तर ती थंड व्हायची. मला ती सगळी वेटोळी सारखीच दिसायची, आणि एकदा मी तसं बोलले.

"कुठलीतरी काढ ना रे! तिला काय कळतंय!"

"तिला तेवढंच कळतं," तो म्हणाला. "तिला दुसरं काही कळतच नाही."

मग विचारायला निघाला. नाकामालात, म्हणजे पुरुषमंडळी कावा नावाच्या मुळीचा गुंगवणारा रस प्यायला जमतात तिथे, त्याला दोघांनी धरून नेऊन बसवायचं. तो म्हाताऱ्यांना विचारायचा, आईसेनमामांची म्हातारीची रेघ कुणाला येते का? आणि सगळे हसायचे.

"मास्तर, असं काय करता? शाळेच्या भिंतीवर आहे की!"

"माझा नातू डोळे मिटून काढतो. बोलावू?"

आता हा काय सांगणार? पुस्तकातली खोटी आहे, असं तोंडातून काढायची सोय नव्हती. मामांना शब्द दिलेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तो मान डोलवायचा, "हो हो, विसरलोच," म्हणायचा, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. मामांच्या बरोबरीचे कधीच गेले होते. मामांनी कॅमेरेवाल्यांनाही काठी घेऊन हाकललं होतं, त्यामुळे कुठे फोटो असण्याचाही प्रश्न नव्हता.

राजधानीत आल्फोन्सला फोन लावला. मीच धरला आनातोलच्या कानाशी.

"आल्फोन्स, मामांनी तुला म्हातारीची शिकवलेली का रे कधी? लहानपणी? थोडीशी तरी?"

"दादा, मला कसली येतेय! पण थांब, माझ्या टॅक्सीच्या मागच्या काचेवर लावलीय ना तुझ्या पुस्तकातली. फोटो पाठवू?"

फादर ज्युल्स दर शुक्रवारी यायचे, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना म्हणायचे. एकदा ते अंगणातल्या आकृत्या ओलांडत ओलांडत आले आणि जरा रागावले. "आनातोल, तुम्ही शिकलेसवरलेले. देवबाप तुम्हाला हात धरून नेणार आहे. या रेघा कशाला?"

"नेईल ना, फादर," आनातोल म्हणाला. "पण त्याच्या घराची वाट तिच्या दारावरूनच जाते. ती काही त्याचं ऐकत नाही."

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. फादर गेल्यावर मी ओरडले त्याच्यावर. म्हटलं, आता माझ्याशी बोल. मुलंबाळं नाहीत आपल्याला, तू गेल्यावर मी या परक्या गावात कुणाकडे बघायचं, ते बोल. दिवसभर मातीशी काय बोलतोस? मातीने भरलेलं बोट त्याने माझ्या मनगटावर ठेवलं आणि मी बघितलं, तिथेही ते गिरवायला लागलं होतं. डावी बाजू, मग ते वळण, मग थांबलं. मी हात ओढून घेतला. आजही तो हात ओढून घ्यायला नको होता असं वाटतं, पण मला खरंच त्या क्षणी त्या रेघेचा तिटकारा आला होता.

राहिली एस्तेल. मामांची शेवटची वर्षं तिच्याच घरी गेली होती. बायकांना ही रेघ शिकवत नाहीत, पण घरात राहणाऱ्या बाईच्या डोळ्यांना कुणी फडकं बांधत नाही. आनातोल म्हणाला, मला तिच्याकडे ने. दोन खाड्या पलीकडे राहायची. बोटवाला म्हणाला, माणूस वाटेत जाईल. आनातोल म्हणाला, मग वाटेतून परत आण. त्याला बोटीच्या तळाशी चटईवर निजवलं, मी त्याच्या तोंडावर सावली धरून बसले. प्रत्येक लाटेला तो दात आवळायचा. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि आम्ही त्या काडीकडे चाललो होतो.

एस्तेलने दारातून आम्हाला पाहिलं आणि तिचा सगळा राग तिथेच गळून पडला. असं कुणाकडे बघून रागावता येत नाही. तिने त्याला सावलीत बसवलं, नारळाचं पाणी दिलं, लाप्लाप वाफवायला ठेवला. मग आनातोलने विचारलं. किती सांभाळून विचारलं! मामा शेवटी म्हातारीची रेघ काढायचे का, तू बघितलीस का, तुझ्या डोळ्यांसमोर असेल तशी मला दाखवशील का.

एस्तेल त्याच्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "तुला म्हणून सांगते, दादा. बाबा विसरले होते."

आनातोलचं मांडीवर फिरणारं बोट थांबलं.

"शेवटी शेवटी माणसंच विसरायला लागले. मला आई म्हणायचे. मग एक दिवस ती रेघ विसरले. आणि ती विसरलोय एवढं मात्र विसरेनात. काय हाल झाले त्यांचे! लहान पोरासारखे मातीत बसून रडायचे. मी कुणाला विचारणार? तू नव्हतास." इथे तिचा आवाज जरा कडक झाला, पण लगेच उतरला. "मग मला तुझं पुस्तक आठवलं. शाळेतून मागून आणलं. समोर धरून मी त्यांना शिकवली, एकेक वळण. बायकांनी करायचं नाही हे, मला ठाऊक आहे. केलं मी. पहिल्यांदा त्यांचा हात अडखळायचा, एका जागी तर सारखा उलटाच जायचा. मी हात धरून वळवायची. मग शिकले. इतके छान शिकले, दादा! मी अर्धी पुसायची, ते पूर्ण करायचे. गेले त्या दिवशी सकाळीही काढली. अगदी शांत गेले." तिने आनातोलच्या पायाला हात लावला. "तू आला नाहीस म्हणून मी बोलणं टाकलं. पण तुझं पुस्तक नसतं तर बाबा तिकडे पोचले नसते. हे मला तुला केव्हाचं सांगायचं होतं."

लाप्लापची वाफ दगडांतून वर येत होती. मी आनातोलकडे बघायचं धाडस केलं नाही.

"एका जागी हात उलटा जायचा म्हणालीस," तो हळूच म्हणाला. "कुठे? कसा?"

"ते आता कुठे आठवतंय! मी मोडली ना ती सवय."

"हो," तो म्हणाला. "पण नंतर नीट काढायचे?"

"एकदाही चुकले नाहीत."

"छान केलंस, एस्तेल," तो म्हणाला. "फार छान केलंस तू."

आणि तिने वाढलेला लाप्लाप त्याने खाल्ला. कित्येक दिवस घास न गिळणारा माणूस, तिच्या हातचं पान त्याने संपवलं.

बोट खाडीच्या बाहेर पडली. मग त्याने माझा झगा मुठीत धरला.

"मी मामांना खाल्लं, मेबल. म्हातारीने नाही. मी."

"असं बोलू नको."

"त्यांचा हात बरोबर जात होता. त्यांच्या हाताला आठवत होतं! माझं पुस्तक समोर धरून तिने तो वळवला." तो रडायला लागला, आणि पोटात पाणी भरलेल्या माणसाला रडताही येत नाही, श्वासच पुरत नाही. "एस्तेलला सांगू नकोस. कधीच सांगू नकोस."

मी शब्द दिला. माझ्याकडून घ्यायलाही एक शब्द ठेवला होता त्याने.

त्यानंतर तो अंगणात गेला नाही. मला वाटलं, चला, सुटला. सुटला कसला! अंथरुणावर पडून पडून बोट चटईवर फिरायचं. मध्येच विचारायचा, "मामा कुठे असतील गं? तिकडे नाहीत, इकडे नाहीत." एके दुपारी त्याचे डोळे इतके घाबरलेले होते की मी जे सुचेल ते बोलले.

"तुझा सालोंग काय करतो? रेघ येत नाही त्याला, तरी जातो ना? तूही तिला तसंच म्हण. आजी, तुला तरी येते का, काढून दाखव. राग येईल तिला. ती काढत बसली की तू सटक. मामा म्हणजे तुझे गुरू, त्यांनाही सुचलं असेल."

त्याने माझ्याकडे बघितलं. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या आवडत्या पोराकडे बघावं तसं.

"ते मी लिहिलेलं आहे, मेबल," तो म्हणाला. "ते मी माझ्या मनाचं लिहिलंय."

दोन दिवसांनी सकाळी तो गेला. शांत वगैरे काही नाही. माझा हात घट्ट धरून, डोळे दाराकडे लावून, अगदी शेवटपर्यंत पाठ न झालेल्या धड्यासारखा काहीतरी पुटपुटत गेला.

मातीला सगळा किनारा लोटला. शाळा बंद ठेवली होती आणि पोरं ओळीने आली होती. नव्या मास्तरांनी त्यांना काय सांगितलं होतं ते मला ठाऊक नव्हतं. चर्चमागच्या मोकळ्या जागेत पोरं पांगली, खाली बसली, आणि प्रत्येकाने बोट जमिनीला टेकवलं. बघता बघता सगळं मैदान भरून गेलं. लहान, मोठ्या, तिरक्या, सरळ, पण सगळीकडे तीच. आनातोलची. बायका हुंदके द्यायला लागल्या. केवढा मान, केवढा मान, असं लोक म्हणत होते. मला मात्र पायाखालची जमीन जळत असल्यासारखं झालं. त्यातली प्रत्येक खोटी होती आणि ते कळणारी त्या मैदानात मी एकटी होते.

मला राहवलं नाही. मी वाकले आणि समोरची आकृती हाताने पुसली. अर्धीच पुसून झाली आणि हात थांबला. ती काढणाऱ्या पोरीने वर माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, काकू म्हातारी झालीय, गोष्टीतली. तिने लगेच बोट टेकवलं आणि राहिलेली अर्धी पूर्ण केली, कुठेही न अडखळता, आणि माझ्याकडे बघून हसली.

"काकू, माझी पण पुसा!" शेजारचा ओरडला.

"माझी! माझी!"

मी पुसत गेले. एकामागून एक. पोरं पूर्ण करत गेली. मला वाटत होतं, एखाद्याचं तरी बोट चुकेल, चुकून का होईना मामांच्या वळणावर जाईल. एकाचंही गेलं नाही. ही सगळी पोरं घरची रेघ न शिकताच उद्या म्हातारी होतील आणि हीच रेघ घेऊन तिच्यासमोर उभी राहतील. किती जणांना खाशील, असं मी मनात तिला विचारलं. मला तिची भीतीही वाटत होती आणि तिच्या झिंज्या धराव्यात असंही वाटत होतं.

एस्तेल दुखवट्याला माझ्याकडे राहिली. पाहुणे पांगल्यावर एका सकाळी मी खराटा घेतला आणि सबंध अंगण झाडलं. आनातोलच्या अडकलेल्या रेघा सगळ्या गेल्या. मग मी एस्तेलला म्हटलं, "मला शिकव."

"काय?"

"तू मामांना शिकवलीस ती."

तिने कपाळाला आठी घातली. "तुला कशाला? तुमच्या बेटावरची माणसं दुसऱ्या वाटेने जातात ना? तिकडे तुझी आई असेल, बाप असेल."

"असू देत. मला आनातोल गेला त्याच वाटेने जायचंय."

"आणि ही बायकांची नाही."

"तुला येते ना?"

ती थोडी हसली. खाली बसली, माती सपाट केली आणि काढून दाखवली. मी जन्मभर चटया विणल्यात, माझी बोटं काही अडाणी नाहीत. डावी बाजू तर मला येतच होती, मनगटावर काढलेली. उजव्या बाजूला मात्र माझा हात गोंधळला. एस्तेलने तो पकडला आणि वळवला.

"इथे चुकलीस. इथून नाही, इथून. बाबा शिकल्यावर इथे एकदाही चुकले नाहीत."

"आनातोलही नाही," मी म्हणाले.

पुन्हा काढली. पुन्हा काढली. ऊन अंगणात आलं, कोंबड्या डालीखाली ओरडत होत्या, त्यांना सोडायचंही राहून गेलं. शेवटी रेघ निघाल्या जागी येऊन टेकली.

"आली की!" एस्तेल म्हणाली.

"आता अर्धी पूस," मी म्हटलं.